फिरायला आले म्हण

दारात चपला काढताना भागूबाई त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या.

नखं दर गुरुवारी कापायच्या. हातात बांगड्या घालायच्या नाहीत. बाळाला ओरखडा येतो म्हणून.

बाळंतिणीच्या घरी आंघोळी उरकेपर्यंत चहाला हात लावायच्या नाहीत. उरकल्यावर दोन कप घ्यायच्या.

बारसं होईपर्यंत कुठल्याही बाळाला ‘पाव्हणं’ म्हणायच्या. “पाव्हणं आज लई तापलंय. रात्री कुणी नजर लावली काय?”

फोनवर ओरडून बोलायच्या. माणूस जेवढा लांब, तेवढा आवाज मोठा. सोयगावला भावाशी बोलत असतील तर आमच्या घरात ऐकू यायचं. इंग्लंडला लेकीशी बोलत असतील तर रिक्षा स्टँडवर.

माणसं त्यांना डोक्यावरून आठवायची. बँकेत रांगेत उभ्या असताना कॅशियरला म्हणाल्या, “डोकं चांगलं गोल आलंय रे तुझं. जन्मलास तेव्हा नारळासारखं होतं.” तो मान खाली घालून नोटा मोजत राहिला.

भागूबाईंना जाऊन आज सोळा दिवस झाले. मी त्यांना मावशी म्हणायचे. मुकुंदवाडीत आमची दारं समोरासमोर. माझं एमए मराठीतलं, नोकरी अजून नाही, त्यामुळे मी घरी असायचे. त्यांना मोबाइलमधलं काही अडलं की त्या दारातूनच हाक मारायच्या. “सायली, ये गं, हे परत काळं झालं.”

त्या सोयगावकडच्या. साहेबरावांशी लग्न होऊन इथं आल्या. साहेबराव चिकलठाण्याला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. बारा वर्षांपूर्वी काविळीत गेले. दीपमाला तेव्हा कॉलेजात होती. एकुलती एक. मावशी तोवर शेजारीपाजारी बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायच्या, नंतर तेच घरोघर जाऊन करू लागल्या. सकाळी पाचला बाहेर, अकरापर्यंत तीन घरं. दीपमालाचं नर्सिंग त्यातून झालं. मग ती नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली. लीड्स नावाच्या शहरात. तिथं ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते, भरवते. मावशींना हे कळलं तेव्हा त्या खूप हसल्या. “म्हंजी आमचंच काम की गं. मी येणाऱ्यांचं करते, ती जाणाऱ्यांचं करती.”

मागच्या वर्षी दीपमालाला दिवस राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरी. पण ती येऊ शकत नव्हती. नोकरी, रजा, परत जाण्याचे कागद, सगळंच अडलेलं. मावशी म्हणाल्या, “ती येत नाय तर माहेर तिकडं जाईल.” त्यांना दुसरं काही नको होतं. अडीचशे बायकांची बाळंतपणं केली, आपल्या लेकीचं करायचं. एवढंच.

व्हिसाचा अर्ज मी भरला. दीपमाला व्हिडिओवर होती. मावशी माझ्या शेजारी पाटावर.

“व्यवसाय काय लिहू?” मी विचारलं.

“गृहिणी लिही,” दीपमाला म्हणाली.

“का? मी काय घरात बसून असते व्हय?”

“आई, ते समजवत बसावं लागतं. कुठं कामाला, पगारपत्रक कुठंय. गृहिणी लिही, सायली.”

मी गृहिणी लिहिलं.

“आणि आई, नीट ऐक. तिथं उतरल्यावर विचारतील, कशाला आलात. तर म्हणायचं, फिरायला आले. लेकीला भेटायला आले, फिरायला आले. बास. बाळंतपणाचं काढायचं नाय.”

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. “ऐकलं का हिचं? लेक दिवसांतली अन् आई म्हणणार, फिरायला आले. लोकं शेण घालतील की तोंडात.”

“तिथं कोण लोकं आहेत तुझी?”

“लोकं सगळीकडं असतात.”

“आई, म्हणून दाखव. फिरायला आले.”

“फिरायला आले.”

“असं मेल्यासारखं नको म्हणू.”

पुढे दीड महिना हे रोज चालायचं. मी अधिकारी व्हायचे. गंभीर चेहरा करून विचारायचे, कशाला आलात? मावशी पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, “फिरायला आले.” मग स्वतःच हसायच्या. “लाज वाटती गं बाई.” मला ती गंमत वाटत होती.

व्हिसा मिळाला. गल्लीनं त्यांना साडी-नारळ दिला. त्यांनी पायात पहिल्यांदा बूट घातले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. सहा महिने राहणार होत्या.

सातव्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराचं कुलूप निघालेलं दिसलं.

मी गेले. त्या बूट घालूनच खुर्चीवर बसल्या होत्या. बॅगेला विमानाचा कागद तसाच चिकटलेला होता. “आले बाई परत,” म्हणाल्या. दोन दिवस एवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. एकदाच सांगितलं.

विमानातून उतरल्यावर रांग होती. अधिकारी तरुण होता, चेहऱ्यानं चांगला. त्यानं काही विचारलं, ते कळलं नाही. मग त्यांना एका खोलीत बसवलं. पाणी दिलं. टेबलावर फोन ठेवला, त्यातून एक बाई हिंदीत बोलू लागली. मराठी बोलणारी मिळाली नव्हती. एवढ्या लांब आपल्यासारखं बोलणारी बाई भेटली म्हणून मावशींना बरं वाटलं.

“आप यहाँ क्यों आयी हैं?”

“फिरने को,” मावशी म्हणाल्या. तोंडपाठ होतं.

अधिकाऱ्यानं बॅग उघडली होती. डिंकाचे लाडू. अळीव. बाळंतशोपा. वेखंडाची पूड. मालिशच्या तेलाच्या दोन बाटल्या. जुन्या मऊ धोतराचे फाडलेले तुकडे. तो एकेक वस्तू टेबलावर मांडत होता. फोनमधली बाई म्हणाली, “साहब पूछ रहे हैं, यह सब किस लिए?”

मावशी मला म्हणाल्या, “आता सांग. माझ्या हातचे लाडू समोर मांडलेले. तिथं कसं म्हणायचं, फिरायला?”

त्या म्हणाल्या, “बेटी की जचकी करने को आयी मैं.”

“मतलब आप दाई हैं?”

“हां, तीस साल से करती. ढाई सौ बच्चे निकले मेरे हातों से.”

“पैसे लेती हैं?”

“घरोघर जाती तो लेतीच ना. बेटी से थोडी लेती.”

“यहाँ किसी और की भी करेंगी?”

दीपमालाची एक मैत्रीण पाच महिन्यांची गरोदर होती. केरळची, तिची आई येऊ शकणार नव्हती. मावशींना ते माहीत होतं.

“कोई बुलाया तो नै कैसे बोलना?”

एवढं सांगून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “ती बाई लई गोड बोलत होती. मला वाटलं, तिला पटलं.”

मी खूप दिवस त्या एका क्रियापदाचा विचार केला. आपल्याकडे आई लेकीचं बाळंतपण करते. करते म्हणजे तिच्याजवळ असते. तिचं अंग रगडते, तिच्या आधी उठते, तिच्यानंतर जेवते. आणि भागूबाई घरोघर जाऊन जे करायच्या, त्यालाही आपण बाळंतपण करणंच म्हणतो. मराठीत दोन्हीला शब्द एक. हिंदीतून इंग्रजीत जाताना त्यातली आई गळाली आणि काम उरलं. फिरायला येणाऱ्याला तिथं काम करायची परवानगी नसते. आणि अधिकाऱ्यासमोरच्या पडद्यावर अर्ज होता. अर्जात लिहिलं होतं, गृहिणी. ते मी टाइप केलं होतं.

व्हिसा रद्द झाला. परतीचं विमान चार दिवसांनी होतं. तोवर लेकीकडे राहायला परवानगी मिळाली, पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला.

म्हणजे मावशी लीड्सला चार दिवस राहिल्या.

विमानतळावर न्यायला दीपमाला आली होती. घरी पोचल्यावर म्हणाली, “एक शब्द म्हणायचा होता, आई. एक.” मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

लीड्समधलं घर त्यांनी मला हातानं दाखवलं. लाल विटांची घरं, एकाला एक चिकटलेली, सगळी सारखी. उताराच्या रस्त्यावर ओळच्या ओळ. आणि मागच्या ओळीची घरं या घरांच्या पाठीला पाठ लावून. “मागलं दारच नाय. खिडकी पण नाय मागं. बाळंतिणीला न्हाऊ घालायची न्हाणी वरच्या मजल्यावर. जिना असा उभा, शिडी बरी. मी म्हटलं, दीपा, टाके पडले तर तू या जिन्यावरून कशी जाशील? तर म्हणे, इथं सगळ्या जातात.”

दिवस मोठे होते. रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन भिंतीवर. “दिवेलागणच व्हईना. मी उदबत्ती घेऊन बसलेली, लावू कधी?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाला, कृष्णाला, ओव्याची धुरी कशी द्यायची ते दाखवलं. लोखंडी तव्यावर निखारा कुठून येणार, म्हणून गॅसवर तवा तापवला आणि ओवा टाकला. छताला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं. कृष्णा स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालत होता. शेजारची गोरी म्हातारी दारात आली. कृष्णानं तिला काय सांगितलं कोण जाणे, ती मावशींकडे बघून हसली आणि अंगठा दाखवून गेली. दीपमालाही हसली. पोट धरून हसली. मावशी म्हणाल्या, “तेवढीच.”

त्यांनी लाडू डब्यात भरले. डब्यांवर दीपमालाकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. तेल कसं कोमट करायचं ते जावयाला शिकवलं, उशीला बाळ करून. कृष्णा गोदामात रात्रपाळी करतो. त्यानं उशीला तेल लावून दाखवलं. मावशी म्हणाल्या, “जावईबापू, पीठ मळताय का? हलक्या हातानं.” चाळीस दिवसांचं चार दिवसांत बसत नव्हतं. आणि बाळ अजून आलंच नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी कृष्णा म्हणाला, “मामी, चला, निदान फिरून तरी येऊ.”

एक मोठी बाग होती. तळं होतं, त्यात बदकं. लोक कुत्री घेऊन चालत होते. दीपमाला दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूहळू चालत होती. मावशी तिच्या मागून. लेकीची चाल बघून त्यांना कळलं, पोट खाली आलंय, दहा दिवससुद्धा नाहीत.

“फिरले बाई,” मला म्हणाल्या. “शेवटी फिरलेच.”

गल्लीत बायका विचारायच्या, एवढ्यात कशा आलात? मावशी म्हणायच्या, “तिथली हवा मानवली नाय.” शेजारच्या आवडाबाई तोंडावर म्हणाल्या, “लेकीनं ठेवून नाय घेतलं वाटतं.” मावशी हसल्या आणि घरात गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मी त्यांचे कागद वाचले. परत अर्ज करता येईल का बघत होते. एका ओळीवर थांबले. खोटी माहिती दिल्यामुळे पुढची दहा वर्षं अर्ज केला तरी नाकारला जाईल, असं होतं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“दहा वर्षं.”

“म्हंजी पाव्हणं चौथीत जाईल तवा.”

परत आल्यापासून नवव्या दिवशी कृष्णाचा फोन आला. मुलगी झाली. सिझर करावं लागलं. दीपमालाचं रक्त बरंच गेलं होतं. व्हिडिओवर तिनं तीन मिनिटं चेहरा दाखवला. बाळ कापडात होतं, दिसलं नाही नीट. मावशी ओरडून म्हणाल्या, “डोकं दाखव, डोकं!” दीपमालानं फोन कृष्णाकडे दिला. त्यानंतर तिनं आईचा फोन उचलला नाही.

परत आल्यापासून मावशींनी कामं बंदच केली होती. तीन घरांतून निरोप आले. “हात उचलत नाय,” म्हणायच्या. सातारा परिसरातली एक गरोदर बाई रिक्षा करून स्वतः आली. तिलाही नाही म्हणाल्या. ज्या बाईनं तीस वर्षांत कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी हाक आली. “सायली, ते बोलून पाठवायचं कसं गं?”

मी दाखवलं. माइकचं चिन्ह दाबून धरायचं, बोलायचं, सोडलं की जातं.

त्या रोज सकाळी एक निरोप पाठवू लागल्या. बाळंतपणाचा एकेक दिवस. आज काय खायचं, बाळाला कसं धरायचं, कुठं रगडायचं, कुठं हात लावायचा नाही. चाळीस पाठवणार होत्या. मी दारात बसून ऐकायचे. त्या फोन तोंडाजवळ धरून ओरडायच्या. “दीपा, आज तिसरा दिवस. आज छाती दाटल. घाबरू नको. गरम फडकं ठेव. अन् रडू आलं तर रड. तिसऱ्या दिवशी सगळ्या रडतात. मी पण रडले होते, तुझ्या वेळी.”

“दीपा, आज सहावा. टाक्यांना पाणी लावू नको. तेल टाक्यांपासून चार बोटं लांब. कृष्णाला म्हणावं, पीठ मळू नको.”

पाठवलं की त्या फोन माझ्यासमोर धरायच्या. “गेलं का?”

“गेलं.”

“ऐकलं का?”

ऐकलं की खुणा निळ्या होतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं. खुणा करड्याच राहायच्या. मी म्हणायचे, “तिकडं अजून उजाडलं नाही, मावशी.”

अकराव्या दिवशी कृष्णानं लिहिलं. मामी, ती झोपत नाही. बाळाला घेत नाही. भिंतीकडे तोंड करून असते. डॉक्टरांकडे नेणार आहे. मी ते मोठ्यानं वाचलं. वाचायला नको होतं. मावशी म्हणाल्या, “असं होतं एकेकीला. मी असते तर तिच्या मागं झोपले असते. नुसतं पाठीला पाठ लावून. दुसरं काय नसतं त्याला.”

आणि फोन घेऊन बाराव्या दिवसाचं सांगायला लागल्या. एक दिवस आधीच. पुढे रोज सांगत राहिल्या. खुणा करड्या.

त्यांचा रंग उतरला होता. दोन पायऱ्या चढल्या की थांबायच्या. मी डॉक्टरांकडे चला म्हटलं. “सव्वा महिना होऊ दे,” म्हणाल्या. “मधी खंड नको.” मी फार आग्रह केला नाही. त्यांना काही होईल असं मला वाटलंच नाही.

आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी पहाटेच आलं. गल्लीत सगळ्यांची धावपळ. मोटारींचा आवाज. मी आमचे ड्रम भरत होते. मावशींच्या दारातून पाणी वाहत रस्त्यावर आलं. आवडाबाई ओरडल्या, “भागूबाई, ड्रम सांडतोय तुमचा!” पाणी वाहतच राहिलं. आम्ही आत गेलो. त्या ड्रमला टेकून बसल्या होत्या. पाइप हातात होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यांना जाऊन तेव्हा अर्धा तास झाला होता.

दीपमाला येऊ शकली नाही. बाळाचा पासपोर्ट झाला नव्हता, आणि तिच्या टाक्यांत पू झाला होता. सोयगावहून दीपमालाचे मामा आले, त्यांनी अग्नी दिला. मी फोन धरून उभी होते. पडद्यावर दीपमाला दिसत होती, पण ती बघत होती का ते कळत नव्हतं. मध्येच रेंज गेली.

चार दिवसांपूर्वी मावशींचा फोन चार्ज करायला लावला. उघडला. सगळ्या खुणा निळ्या झाल्या होत्या. एका दिवसात. दुपारी दीपमालाचा मला फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

“सायली, पुढचं काय गं?”

“कशाचं?”

“मुरुडशेंगेचे किती?”

मला कळलं नाही. ती म्हणाली, “शेवटचं ऐक.” आणि फोन ठेवला.

शेवटचा निरोप ऐकून मी आवडाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दोन. माझी आई म्हणाली, एकच, तोही अर्धा. खुलताबादच्या माझ्या आजीनं सांगितलं, प्रत्येक बाळाचं वेगळं असतं, बाळ बघूनच ठरवायचं. दीपमालाला मी अजून काही कळवलेलं नाही.

तो निरोप तेविसाव्या दिवसाचा आहे. पहाटे पाच वाजून बावन्न मिनिटांचा. पुढचे सतरा राहिले. आवाज नेहमीसारखाच मोठा आहे. मागे मोटारी सुरू झालेल्या ऐकू येतात.

“दीपा, आज तेवीस. आजपासून पाव्हणीला गुटी सुरू कर. सहाण स्वच्छ धू. आईच्या दुधात उगाळायची, पाण्यात नाय. मी पिशवीत सगळं दिलंय, लाल दोऱ्याची पुडी. वेढे मोजून घ्यायचे, जास्त नाय. हळकुंडाचा एक. वेखंडाचा अर्धा. जायफळाचे दोन, झोप लागती. अन् पोट दुखत असलं तर मुरुडशेंगेचे… थांब, नळ आला. आलेच.”